डायव्हिंगच्या नोकरीसाठी थायलंडला निघालात? या चुका टाळा

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात जाळी टाकत वाढलेल्या ढिवरांच्या पोरांना खोल पाण्याचं भ्या नसते. म्हणून पवनीकडचे दोन पोट्टे थायलंडातल्या डायव्हिंगच्या नोकरीचं विचारायला आले, तेव्हा मला बरं वाटलं. मग एजंटाचा कागद पाहिला. पर्यटक म्हणून जायचं, वर्क परमिट ‘तिथं गेल्यावर’. हीच पहिली चूक, आणि सगळ्यात महाग पडणारी.

पॅडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं डाइव्हमास्टर कार्ड 18 वर्षं पूर्ण झाल्यावर, किमान 60 डाइव्ह केल्यावर मिळतं. ते कौशल्याचा दाखला आहे, कमाईचा परवाना नाही. थायलंडात आधी मालकाच्या कागदपत्रांवर नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा व्हिसा, मग परमिट. त्यात मालक आणि कामाचं स्वरूप ठरलेलं असतं. एका परदेशी माणसामागे साधारण 20 लाख बाट भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. छोट्या दुकानाला हे झेपत नाही. म्हणून मालकाला थेट विचारा: थाई माणसं किती, माझा परमिट कोण काढणार, केव्हा? उत्तर गोलगोल आलं तर तिकीट काढू नका. टूर गाईडचं काम तर थाई नागरिकांसाठीच राखीव आहे; करारात ‘गाईड’ शब्द दिसला की थांबा.

‘पगार नाही, फक्त शिकायचं, बदल्यात जेवण-राहणं’ हा दुसरा सापळा. बिनपगारी कामालाही परमिट लागू शकतो. विनापरमिट सापडल्यास 5,000 ते 50,000 बाट दंड, परत पाठवणी, आणि पुढची दोन वर्षं परमिट बंद.

पासपोर्टही तपासा. दहावी पास नसाल तर त्यावर सहसा ईसीआर असतं, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, आणि थायलंड त्या देशांच्या यादीत आहे. ही मंजुरी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून घ्यावी लागते. एजंट तिथे नोंदणीकृत आहे का, तेही पाहा. त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. या पोरांकडे दीड लाख मागितले होते.

आधीच जाऊन अडकला असाल तर काम थांबवा, पासपोर्ट कोणाच्या हवाली करू नका, बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाला कळवा किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका.

थाई लोक आपल्याला अडवतात, असा राग धरू नका. आपला देशही परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे वर्षाला 16.25 लाखांवर पगार असल्याशिवाय एम्प्लॉयमेंट व्हिसा देत नाही. बेटावरच्या पोराला त्याच्याच समुद्रात काम मिळावं, हे मला पटतं. गोसेखुर्दवर उद्या डायव्हिंग सुरू झालं तर आपणही हेच मागू.

दोघांना मी आधी तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेची चौकशी करायला सांगितलं आहे. डाइव्हची वही तिथून भरायला घ्यावी, मग अंदमान. तिथं आपल्याला वर्क परमिट लागत नाही.