स्लॅग कुठल्या भट्टीचा?

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून रबाळ्याला उतरायचं आणि एमआयडीसीतल्या लॅबमध्ये दिवसभर ब्युरेटसमोर (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडणारी काचेची नळी) उभं राहायचं, ही माझी पहिली नोकरी. पगार जेमतेम, पण कामात रंगत होती. कारखान्यांतून निघणारा टाकाऊ माल कोकणातल्या काजू-सुपारीच्या बागांना चुन्याऐवजी चालेल का, ते तपासायचं.

जांभ्याची माती आम्लधर्मी. सामू (पीएच) ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळं खुंटतात आणि घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतं. पोलाद बनवताना कन्व्हर्टर नावाच्या भट्टीत लोखंडातला फॉस्फरस काढायला चुना घालतात, म्हणून त्या भट्टीचा स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी, अशा मातीला चालतो. एवढंच वाचून मी तळोज्याच्या एका कारखान्यातून पिशवीभर स्लॅग आणला, दळला, कुंड्यांत मिसळला. दोन महिने सामू जागचा हलेना. मॅडमनी विचारलं, "अगं, भट्टी कुठली होती?" इंडक्शन, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी! तिला अस्तर सिलिकाचं, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याचं, त्यामुळे स्लॅगमध्ये चुना नावापुरता. मी कुंड्यांना जवळपास वाळूच चारत होते.

तेव्हापासून पोतं आलं की आधी न्यूट्रलायझिंग व्हॅल्यू, म्हणजे माल किती आम्ल मारू शकतो त्याचा आकडा. एक ग्रॅम भुकटी, मोजून हायड्रोक्लोरिक ॲसिड, उकळी, मग उरलेलं ॲसिड कॉस्टिक सोड्याने मोजायचं. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटला १०० धरतात. कळीचा चुना १७९ भरतो. स्लॅगमध्ये लोखंड असतं, त्याचा तांबूस गाळ खाली बसतो आणि त्यात ॲसिड संपल्याची खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग हरवतो. मी पहिल्या आठवड्यात किती फ्लास्क बेसिनमध्ये ओतले, विचारू नका. नवी मुलं ॲसिडचा थेंब टाकून फेस बघतात. फेस कार्बोनेटचा असतो. स्लॅगमधला चुना बराचसा सिलिकेटच्या रूपात, तो फसफसत नाही. त्याला बारीक दळण लागतं आणि वेळही.

आकडा चांगला आला तरी क्रोमियम (स्लॅगमधून येऊ शकणारा जड धातू) तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही नाही.

बागायतदार काका फोन करतात, "खत कारखान्याचं फॉस्फोजिप्सम स्वस्तात मिळतंय, टाकू का?" हे फॉस्फरसयुक्त खत बनवताना उरणारं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). जिप्समने सामू चढत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि सल्फेट खालच्या थरात झिरपतं, तिथला ॲल्युमिनियमचा त्रास कमी होतो, एवढंच. शिवाय त्यात फ्लोराइड आणि थोडं रेडियमही असतं, म्हणून त्याचाही रिपोर्ट आधी मागा.

केमिस्ट्रीवाल्यांना माती ठाऊक नसते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर जाऊन काजूखालची तांबडी माती एकदा बोटांत चुरून बघा. मी नोकरीच्या चौथ्या वर्षी गेले.