जुन्या पोर्श ९११ ची समोरची काच कशी काढावी

१९८९ पर्यंतच्या मूळ ९११ ची समोरची काच रबरात बसवलेली असते आणि त्या रबराच्या खाचेत ॲल्युमिनियमची पट्टी असते. ९६४ पासून (म्हणजे ९११ ची त्यानंतरची पिढी) काच पत्र्याला चिकटवायला लागले, तिथे ही पद्धत चालत नाही.

जुनं रबर वाचवायचा मोह सोडा. वर्षानुवर्षं वाळून ते कडक झालेलं असतं. शाबूत निघालं तरी परत बसवल्यावर गळणारच. मात्र नवं रबर हातात आल्याशिवाय जुन्याला पातं लावू नका.

वायपरचे दांडे, सनवायझर, आतला आरसा काढा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या, डॅशबोर्डवर जाड चादर पसरा. हातमोजे आणि गॉगल हवेतच.

कटर बाहेरूनच चालवा. आतल्या बाजूला छताचं लायनिंग पत्र्याच्या कडेवर वळवून रबराखाली दाबलेलं असतं. आतून पातं फिरवलं तर तेही कापलं जातं आणि ते बदलणं काचेपेक्षा कितीतरी खटाटोपाचं. पात्याचं टोक काचेकडे ठेवा, रंगाकडे कधीच नाही. एका दमात खोल न जाता दोन-तीन फेऱ्यांत रबराचा बाहेरचा ओठ कापा. म्हणजे पट्टी सुटी होऊन हाती येते. ती ओढून उपसलीत तर मुरडते आणि मऊ ॲल्युमिनियमला पडलेली मुरड पॉलिशनेही जात नाही.

काचेची कड सगळीकडून उघडी झाली की एकाने आत बसून वरच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात पसरून सावकाश दाब द्यायचा, दुसऱ्याने बाहेरून काच धरायची. ठोसा नको; लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या) काचेवर एकाच जागी जोर आला की तडा जातो. काच हलत नसेल तर कुठेतरी जुना सीलंट धरून बसलाय. तिथे प्लास्टिकची पाचर फिरवा. स्क्रूड्रायव्हरने कडेचा टवका उडतो आणि पुढे तडा तिथूनच धावतो.

निघालेली काच लाकडी ठोकळ्यांवर घोंगडी घालून उभी ठेवा. कडेला थिनर लावू नका, मधला प्लास्टिकचा थर पांढुरका पडतो.

आता खालचे दोन्ही कोपरे बघा. रबराखाली पाणी तिथेच साचतं. बाहेरून रंगाला एखादा फोड दिसत असतो, आत तपकिरी पापुद्रे सुटलेले असतात. टोच्याने टोचा. खपली उडून खाली घट्ट पत्रा लागला, तर चकचकीत होईपर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर मारा. टोच्या आरपार गेला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. पुटी भरू नका: कड जाड होते, रबर नीट बसत नाही आणि नवी काच बसवताना नेमकी त्याच कोपऱ्यात तडकते.