लास वेगासला जा, एकही डाव न खेळता

भारतातून आई-बाबा अमेरिकेत आले की फिरायच्या यादीत लास वेगास येतंच. पाठोपाठ प्रश्नही येतो, "तिथे जाऊन आपण करायचं काय? आपण थोडेच पत्ते कुटणाऱ्यांतले!" माझ्या आईने अगदी हेच विचारलं होतं. त्यानंतर आम्ही तीन वेळा गेलो. एक डॉलरही मशीनमध्ये टाकला नाही, आणि तिन्ही वेळा दिवस कमी पडले. मात्र आधी थोडी आखणी करावी लागते, कारण हे शहर न खेळणाऱ्याला सहज बाजूने जाऊ देत नाही.

पणजीत मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. आपण काठाकाठाने मिरामारपर्यंत चालत गेलो तरी त्यांच्याशी आपला संबंध येत नाही. वेगासला हॉटेलच्या दारापासून लिफ्टपर्यंतची वाटच मशीनच्या रांगांमधून जाते. त्यामुळे सुरुवात हॉटेलपासून करायची.

पहिली गोष्ट: उतरायचं कुठे

मुख्य रस्त्यालगत, म्हणजे ज्याला सगळे 'स्ट्रिप' म्हणतात तिथे, कॅसिनो नसलेली हॉटेलंही आहेत. व्डारा हे त्यातलं एक. आत कॅसिनो नाही, सिगारेटचा धूर नाही आणि कारंज्यांचं बेलाजिओ हॉटेल पायी जाण्याच्या अंतरावर. धुराचा मुद्दा गंभीरपणे घ्या. नेवाडात, म्हणजे वेगास ज्या राज्यात आहे तिथे, कॅसिनोच्या आत सिगारेट ओढता येते आणि दम्याच्या माणसाला ती दहा मिनिटांची वाटही नकोशी होते. कॅसिनो चालेल पण धूर नको असेल तर पार्क एमजीएम बघा. ते पूर्ण धूरमुक्त आहे.

मुलं बरोबर असतील तर त्यांना कॅसिनोतून चालत जाऊ देतात, पण २१ वर्षांखालच्यांना मशीनपाशी रेंगाळता येत नाही. फोटोसाठी थांबलात तर सुरक्षारक्षक येऊन पुढे व्हायला सांगतो. त्यात अपमान वाटून घेऊ नका, कायदाच तसा आहे.

खोलीच्या भाड्याखेरीज दर रात्रीची 'रिसॉर्ट फी' सक्तीने द्यावी लागते आणि वर सुमारे १३ टक्के कर. मे २०२५ पासून ही फी धरूनच किंमत दाखवायचं बंधन आहे, तरी पैसे भरण्याआधी शेवटचा आकडा वाचाच. गाडी उभी करण्याचेही बहुतेक मोठ्या हॉटेलांत वेगळे पैसे पडतात. रविवार ते गुरुवार खोल्या स्वस्त असतात. नोव्हेंबरात फॉर्म्युला वनची शर्यत असते, तेव्हा भाडी चढतात आणि रस्ते बंद होतात. तो आठवडा टाळा.

आणि खोलीतल्या छोट्या फ्रिजला हात लावू नका. आमच्या एका हॉटेलात आईने दह्याचा डबा ठेवायला जागा करावी म्हणून आतल्या दोन बाटल्या बाहेर काढल्या. त्या जागेखाली सेन्सर होते. बाटली उचलली की ती विकली गेली असंच धरतात. निघताना बिलात दोन्ही बाटल्या हजर! समजावून रक्कम काढून घ्यायला अर्धा तास गेला. औषधं किंवा इन्सुलिन असेल तर रिकामा फ्रिज बुकिंग करतानाच मागून ठेवा.

दुसरी गोष्ट: सकाळ शहराबाहेर काढा

मला या गावातलं सर्वांत मोलाचं काय वाटतं, तर भोवतीचं वाळवंट. पश्चिमेला साधारण २७ किलोमीटरवर रेड रॉक कॅन्यन आहे. लाल-पिवळ्या खडकांमधून २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता फिरून येतो आणि जागोजागी थांबता येतं. ऑक्टोबर ते मे या काळात आत जायची वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. ते न करता गेलेली माणसं गेटवरून परत फिरताना मी पाहिली आहेत.

आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी बहुधा मे ते जुलैत येतात आणि नेमका तेव्हाच उन्हाचा कहर असतो. ७ जुलै २०२४ ला इथे ४८.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. विदर्भातल्या माणसानेही 'उन्हाची सवय आहे' म्हणून दुपारी खडकांत जाऊ नये. उन्हाळ्यात पहाटे निघा आणि दहाच्या आत परत या. जमत असेल तर सहल मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवा.

दुसऱ्या सकाळी हूवर धरण. उंची २२१ मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. धरणाच्या वर उभं राहिलं की पाण्यातून वर आलेल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं दिसतात, एक नेवाडाची वेळ दाखवणारं आणि एक ॲरिझोनाची, कारण राज्यांची हद्द धरणाच्या मधूनच जाते. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणून आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा दोन्हींत एकच वेळ होती. बाबा कितीतरी वेळ त्या दोन काट्यांकडे बघत उभे होते. मागे मीड सरोवराच्या कडांवर पांढरा पट्टा दिसतो. पाणी एकेकाळी कुठवर होतं त्याची ती खूण.

येताना बोल्डर सिटीत जेवा. १९३१ साली नेवाडाने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि त्याच वर्षी धरणाचं काम सुरू झालं. मजुरांसाठी सरकारने हे गाव वसवलं, आणि त्यांचा पगार कॅसिनोत जाऊ नये म्हणून तिथे जुगाराला बंदी घातली. ती बंदी आजही आहे. घरातल्या कुणाची जुगाराची सवय मोठ्या कष्टाने सुटली असेल तर स्ट्रिपवर उतरूच नका. बोल्डर सिटीत खोली घ्या आणि शहरात फक्त संध्याकाळी जा.

तिसरी गोष्ट: दुपारी झोप, किंवा संग्रहालय

गुन्हेगारी टोळ्यांचा इतिहास मांडणारं मॉब म्युझियम घ्या. जुन्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीत ते आहे. संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे १९५० साली ज्या दालनात साक्षी झाल्या, तेच दालन बघायला मिळतं. मोडीत निघालेल्या हॉटेलांच्या जुन्या पाट्या जपणारं निऑन म्युझियम मात्र अंधार पडल्यावर बघायचं. तिकीट आधी काढा.

चौथी गोष्ट: संध्याकाळी चाला, पण बेताने

स्ट्रिप जवळपास पावणेसात किलोमीटर आहे. इमारती इतक्या अवाढव्य की समोर दिसणारं हॉटेलही वीस मिनिटं दूर निघतं. एका संध्याकाळी एकच टप्पा घ्या. ड्यूस नावाची बस रात्रभर धावते. मोनोरेल हॉटेलांच्या मागच्या अंगाने जाते आणि विमानतळापर्यंत पोचत नाही. पार्क एमजीएम ते बेलाजिओ आणि मँडले बे ते एक्सकॅलिबर या ट्राम फुकट आहेत. रस्त्यावरच्या पादचारी पुलांवर फोटोसाठी थांबू नका. जानेवारी २०२४ पासून तिथे रेंगाळायला मनाई आहे आणि दंड होऊ शकतो.

एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर बेलाजिओसमोरची कारंजी बघा. रात्री आठनंतर मध्यरात्रीपर्यंत दर पंधरा मिनिटांनी खेळ होतो, एकही पैसा न देता. जोराचा वारा असला तर रद्द करतात. तळ्याच्या कठड्याला टेकून उभं राहायचं. गाणं सुरू होतं, बारीक झोत डोलायला लागतात, आणि मग दाबलेल्या हवेने पाण्याचा खांब वर फेकला जातो तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज छातीत घुमतो. सर्वांत उंच झोत १४० मीटरपर्यंत जातो. वारा आपल्याकडे असेल तर तुषार तोंडावर येतात. आई सलग चार खेळ बघत तिथून हलली नाही. वाळवंटात एवढं पाणी उधळायचं, हे तिला खटकलं होतं. हे पाणी नळाचं नसून जागेखालच्या विहिरींचं आहे, हे कळल्यावर तिचा जीव जरा भांड्यात पडला.

त्याच हॉटेलच्या आत फुलांचा मोठा बगिचा आहे. वर्षातून पाच वेळा तो पूर्ण बदलतात. तोही फुकट. सकाळी सातच्या आत जा आणि गाडीने मुख्य दाराशी उतरा, म्हणजे कॅसिनो न ओलांडता थेट लॉबीतून बगिच्यात पोचाल. लॉबीच्या छताला काचेची सुमारे २,००० फुलं टांगलेली आहेत, मान वर करायला विसरू नका.

जुन्या याद्यांवर विसंबू नका. मिराज हॉटेलसमोरचा कृत्रिम ज्वालामुखी २०२४ मध्ये हॉटेलबरोबरच बंद झाला, चाच्यांच्या लढाईचा खेळ त्याच्याही कितीतरी आधी. नवं आकर्षण म्हणजे स्फिअर, २०२३ पासूनचं भलंमोठं गोलाकार सभागृह. आतल्या खेळाचं तिकीट महाग आहे, पण बाहेरच्या गोलावरची दिव्यांची चित्रं रस्त्यावरूनच दिसतात.

रस्त्यात कुणी "मोफत शोची तिकिटं देतो" म्हणत जवळ आलं तर नुसती नकारार्थी मान हलवून पुढे व्हा. त्या तिकिटांच्या बदल्यात टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला दरवर्षीच्या काही दिवसांचा वाटा, विकणाऱ्यांसमोर दोन-तीन तास बसावं लागतं. पिसांचे मुकुट घातलेल्या मुलींबरोबर फोटो काढला तर त्याही पैसे मागतात. हवाच असेल तर आकडा आधी ठरवा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त मेक्सिकन ठिकाणी घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी नाही ना, आणि थाई जेवणात फिश सॉस नाही ना, हे विचारून घ्या. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या दुकानातून आणा, हॉटेलात त्या कैकपट महाग मिळतात.

परतीचं विमान असेल तर गेटपाशीही मशीन लागलेली दिसतील. आणि गाडीने लॉस एंजेलिसकडे जाणार असाल तर रविवारी दुपारी निघू नका, त्या रस्त्यावर तासन् तास गाड्या अडकतात. सकाळी सातला निघा, नाहीतर एक रात्र वाढवून सोमवारी.