जुन्या रेडिओसाठी घरगुती एएम ट्रान्समीटर

आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओवर मोबाईलमधली गाणी ऐकायचीत? 1 मेगाहर्ट्‌झचा डबीबंद क्रिस्टल ऑसिलेटर (ठरावीक वारंवारितेची लहर काढणारा छोटा भाग) आणि जुन्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुरतो. 5 व्होल्टचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरच्या मोठ्या वाइंडिंगमधून (तारेच्या वेटोळ्यातून) ऑसिलेटरला द्यायचा, 8 ओहमच्या बाजूला मोबाईलचा हेडफोन आउट. रेडिओचा काटा मीडियम वेव्हवर 1000 किलोहर्ट्‌झवर आणला की गाणं सापडतं.

बहुतेकांची गाडी अडते ती एकाच जागी. सवयीने ऑसिलेटरच्या पुरवठ्याच्या पायावर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला जातो आणि तो आवाजच गिळून टाकतो. रेडिओत नुसती शांत खरखर. मोठा कपॅसिटर सेलच्या बाजूला ठेवा, ऑसिलेटरपाशी फक्त 0.001 मायक्रोफॅरडचा. मोबाईलचा व्हॉल्यूम निम्म्यापासून चढवा, आवाज फाटला की थोडा मागे.

चार्जरऐवजी चार रिचार्जेबल सेल बरे, घरघर येत नाही. एरियल म्हणून हातभर वायर रेडिओमागे नुसती ठेवा, जोडू नका: काही जुन्या सेटच्या चासीत (आतल्या धातूच्या सांगाड्यात) थेट मेनचा करंट असतो. वायर लांबवण्याचा मोहही नको. विनापरवाना प्रसारण गुन्हा आहे, आणि ऑसिलेटरच्या चौकोनी लहरीचे हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पटीतल्या लहरी) 3, 5 मेगाहर्ट्‌झवरही डोकावतात.