अँजिओग्राफी झाल्यावर पेशंटला कसं सांभाळायचं

अँजिओग्राफी (मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून हृदयाच्या नसा बघायची तपासणी) अर्ध्या-पाऊण तासात उरकते हो, आपली खरी ड्युटी नंतर लागते, कारण पेशंटला एकदम बरं वाटत असतं आणि त्यालाच गप पडून राहा म्हणायचं असतं.

मनगटातून केली असेल तर सोपं. हाताला हवेचा पट्टा असतो, त्यातली हवा सिस्टर हळूहळू काढतात, आपण हात लावायचा नाही, आणि त्या हातावर रेटा देऊन पेशंटला उठू द्यायचं नाही.

जांघेतून असेल तर पाय सरळ, साधारण ४ ते ६ तास. गुडघा दुमडू नका हे सगळे सांगतात, पण उशीवरून डोकंही उचलायचं नसतं, पोटावर ताण आला की जांघेतल्या जागेवर जोर येतो. आमचे बाबा दर पाच मिनिटांनी मान वर करून दारात कोण आलं बघायचे, शेवटी मी खुर्ची दाराकडे ओढली आणि कोण आलं कोण गेलं याची कॉमेंट्री देत बसले 😄 शिंक-खोकला आला की ड्रेसिंगवर तळहात घट्ट दाबा. चहा-पाणी स्ट्रॉनेच. कंबर अवघडतेच, सिस्टरला विचारून डोक्याकडची बाजू थोडी वर करून घ्या.

डाय (नसा फोटोत दिसाव्यात म्हणून तपासणीत सोडतात ते औषध) लघवीतून बाहेर पडते म्हणून पाणी भरपूर (किडनीचा त्रास असेल किंवा हार्ट कमजोर असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). पुरुष मंडळी लाजून पॉट मागत नाहीत, तुंबवून ठेवतात, तेव्हा आपणच पडदा ओढून विचारायचं.

घरी आल्यावर आठवडाभर सिलेंडर, भरलेली बादली काही उचलू देऊ नका. जांघेतून केली असेल तर उकिडवं बसणं आणि जिने कमी, कमोड नसेल तर खुर्चीवाला आणा. आजूबाजूला काळं-निळं पडतं, ते चालतं. पण गाठ वाढत चालली किंवा हात-पाय गार, बधिर पडला, ताप आला, छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल. रक्त आलं तर आडवं करून १० मिनिटं घट्ट दाबा, मधेमधे उचलून बघू नका, आणि धार लागली किंवा थांबत नसेल तर दाबत दाबतच १०८ लावायला सांगा.

शुगरची मेटफॉर्मिन गोळी तपासणीसाठी बंद ठेवली असेल तर पुन्हा कधी सुरू करायची ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या. आणि स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत, दाताचा डॉक्टर बंद करा म्हणाला तरी आधी हार्टवाल्यांना फोन.