गंभीर मानसिक आजारात झोप बिघडली की या चुका टाळा

"रात्रभर जागा असतो, झोपेची गोळी वाढवून द्या." मानसोपचाराच्या ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि घाईतले डॉक्टर गोळी वाढवूनही देतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेला माणूस जागा का राहतो, हे मात्र त्या माणसालाच कुणी विचारत नाही.

माझा सर्वात जास्त राग आहे तो औषधाच्या बेचैनीला निद्रानाश समजण्यावर. अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-भास कमी करणारं औषध, सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत अकॅथिसिया होऊ शकतो. शरीराला एका जागी थांबवतच नाही. हॅलोपेरिडॉलने होतो, रिस्पेरिडोनने होतो, अ‍ॅरिपिप्राझोलनेही होतो. पंचविशीतला एक मुलगा आमच्याकडे आला, तोवर दुसरीकडे त्याचा डोस दोनदा वाढवलेला होता. कारण लिहिलं होतं, 'रात्री येरझाऱ्या, आजार उसळला.' माझ्यासमोर बसला तेव्हाही पाय हलवत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. मी विचारलं, "आवाज येतात म्हणून उठतोस का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, आवाज कमी झालेत. पडलं की पाय आतून वळवळतात, चालल्याशिवाय राहवत नाही." त्याची आई लगेच म्हणाली, "डोस वाढवल्यापासून जास्तच झालंय, पण आमचं कोण ऐकतं?" डोस खाली आणला. दमा नाही याची खात्री करून ही बेचैनी कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि मुलगा झोपू लागला. हा त्रास साधा नाही. त्यापायी आत्महत्येचे विचार येणारे लोक असतात. म्हणून मी प्रत्येकाला दोन मिनिटं बसवते, दोन मिनिटं उभं करते आणि पायांकडे बघते. मग विचारते, "मन झोपू देत नाही की पाय?" त्रास फक्त संध्याकाळनंतर, पडल्यावर आणि पायांतच होत असेल, तर फेरिटिनची तपासणी करून घेते. शरीरात लोह कमी असलं तरी पाय असेच छळतात.

दुसरी चूक बायपोलरची. साध्या निद्रानाशात 'बिछान्यातला वेळ कमी करा' हा सल्ला चांगला चालतो. तोच उचलून बायपोलरच्या पेशंटला देणारे नवशिके थेरपिस्ट मी पाहिलेत. इथे झोप तोडली की मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका, पेटू शकतो. मी बिछान्यातला वेळ साडेसहा तासांखाली जाऊ देत नाही, माझा सगळा भर सकाळी उठायची वेळ पक्की करण्यावर असतो. झोपेसाठी म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन ही नैराश्यावरची औषधं द्यायची असतील, तर मूड स्टॅबिलायझर (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू आहे ना, हे आधी बघा. घरच्यांनी एक फरक नीट लक्षात ठेवावा. निद्रानाश झालेला माणूस थकलेला असतो, त्याला झोप हवी असते. जो तीन तास झोपून ताजातवाना उठतो, भराभर बोलतो, नवे बेत आखतो, त्याच्यासाठी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

'आवाज ऐकू येतात, म्हणजे झोप अशीच राहणार' हेही खोटं आहे. ऑक्सफर्डमध्ये डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने भ्रम-भास टिकून असलेल्या 50 जणांवर केलेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांसोबत झोपेसाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलणारी बोलण्याची थेरपी) दिली, तेव्हा निद्रानाश स्पष्टपणे कमी झाला. पण याला आठवडे लागतात. तिसऱ्या रात्री 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणाऱ्यांना मी काय सांगू? आणि बिछान्यात पडल्यावर नेमकं काय होतं, हे आधी विचारा. काहींचे आवाज अंधारात वाढतात, काहींना कुणी घरात शिरेल अशी धास्ती असते. त्यांना नुसतं 'मोबाइल बंद ठेवा' सांगून काय होणार!

घोरण्याकडे दुर्लक्ष करू नका. ओलान्झापिन, क्लोझापिनने वजन वाढलं असेल, माणूस घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर आधी स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याची तपासणी, मग गोळीचा विचार. अ‍ॅप्नियात झोपेच्या काही गोळ्यांनी श्वास आणखी अडतो.

सकाळी गुंगी राहते म्हणून औषधच टाळणं चूक. रात्रीचा डोस बारा-एकला घेत असाल, तर तो लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

क्लोझापिन घेणाऱ्यांनी चहा-कॉफीचं प्रमाण एकदम वाढवू नये, एकदम तोडूही नये. कॅफिनने रक्तातली क्लोझापिनची पातळी बदलते.

आणि अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या बरेच दिवस घेत असाल तर 'सवय मोडायची' म्हणून एका रात्रीत बंद करू नका. झोप तर उडतेच, फिटही येऊ शकते. मी डोस थोडा थोडा उतरवते, आणि मधेच झोप बिघडली तर पुढची पायरी लांबवते. कितीही महिने लागले तरी चालतील.