सेव्ह मिळतो की नाही, हे स्वतः कसं ठरवायचं

बेसबॉल बघणाऱ्यांमध्ये सेव्हवरून, म्हणजे टीमची आघाडी (लीड) टिकवून मॅच संपवणाऱ्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) नावावर लागणाऱ्या आकड्यावरून, जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कुठल्या आकड्यावरून होत नसतील. एकजण म्हणतो चार रनचा लीड होता, यात त्याने वाचवलं काय, दुसरा म्हणतो अरे पण तो आला तेव्हा बेस भरलेले होते. अर्धा तास जातो आणि नंतर कळतं की एकजण नियमात बसतं का याबद्दल बोलत होता आणि दुसरा नियम बरोबर आहे का याबद्दल. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत निघतं, म्हणून आधी तो संपवा.

सुरुवातीला एकच काम करायचं, रिलीव्हर, म्हणजे आधीच्या पिचरच्या जागी येणारा पिचर, मैदानात आला त्या क्षणाची नोंद. इनिंग कुठली, किती आऊट, लीड किती, बेसवर किती जण. नंतर त्याच्या टीमने अजून आठ रन काढले तरी फरक पडत नाही, सेव्हची परिस्थिती होती की नव्हती हे तो आला तेव्हाच्या चित्रावर ठरतं. बहुतेक वाद इथेच होतात कारण लोक शेवटचा स्कोअर बघून बोलतात.

मग प्राथमिक अटी. टीम जिंकलेली हवी, मॅच संपवणारा पिचर तोच हवा, विन (विजयाचं श्रेय, जे एकाच पिचरला मिळतं) त्याच्या नावावर नको आणि किमान एक आऊट तो असताना झालेला हवा. यातली एक जरी चुकली तरी पुढे बघायची गरज नाही.

यानंतर तीन रस्ते आहेत आणि त्यातला कुठलाही एक पुरतो. पहिला, जास्तीत जास्त तीन रनचा लीड असताना आला आणि किमान एक पूर्ण इनिंग (म्हणजे तीन आऊट) टाकली. दुसरा, बरोबरी करणारा रन, म्हणजे ज्याने रन काढला तर स्कोअर सारखा होईल तो खेळाडू, बेसवर होता, किंवा बॅटिंगला उभा होता, किंवा ऑन डेक म्हणजे पुढच्या नंबरला तयार होता. तिसरा, किमान तीन इनिंग टाकल्या.

दुसऱ्या रस्त्यावर लोक सगळ्यात जास्त अडखळतात, त्यासाठी सोपा हिशोब आहे. बेसवर जितके रनर असतील त्यात दोन मिळवा (एक बॅटर, एक ऑन डेकवाला), लीड त्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर सेव्हची परिस्थिती आहे. बेस रिकामे असतील तर दोनपर्यंत, एक रनर असेल तर तीन, दोन असतील तर चार, आणि बेस भरलेले असतील तर पाच. म्हणजे पाच रनचा लीड, नववी इनिंग, दोन आऊट, बेस भरलेले, आणि आलेल्या पिचरने एकच बॅटर आऊट केला तर तो सेव्ह आहे. आणि उलट बघा, तीन रनचा लीड, नवव्या इनिंगमध्ये एक आऊट झालेला, बेस रिकामे, अशा वेळी येऊन उरलेले दोघं आऊट केले तर सेव्ह नाही, कारण इनिंग पूर्ण टाकली नाही आणि बरोबरीचा रन ऑन डेकच्याही मागे आहे. हाच पिचर एक आऊट आधी आला असता तर सेव्ह मिळाला असता, हे ऐकून लोक चिडतात पण नियम तसाच आहे.

तिसऱ्या रस्त्यात लीडचा उल्लेखच नाही. २२ ऑगस्ट २००७ला टेक्सास रेंजर्सने बाल्टिमोर ओरिओल्सना ३०-३ असं हरवलं त्या मॅचमध्ये रेंजर्सच्या वेस लिटलटनला सेव्ह मिळाला. तो आला तेव्हा स्कोअर १४-३ होता, अकरा रनचा लीड, आणि त्याने शेवटच्या तीन इनिंग टाकल्या. पुढच्या दोन इनिंगमध्ये रेंजर्सने आणखी सोळा रन काढले. २७ रनने जिंकलेली मॅच कुणी वाचवली म्हणणं विचित्र वाटतं हे मला मान्य आहे, पण स्कोररने (मॅचची अधिकृत नोंद ठेवणाऱ्याने) काहीच चुकीचं केलं नव्हतं, तीन इनिंग म्हणजे तीन इनिंग.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी विन ठरवायचा, मग सेव्ह. एकाच पिचरला एका मॅचमध्ये दोन्ही मिळत नाहीत. २०१४च्या वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना आठवा, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स विरुद्ध कॅन्सस सिटी रॉयल्स, ३-२. जायंट्सचा मॅडिसन बमगार्नर पाचव्या इनिंगमध्ये आला आणि शेवटपर्यंत पाच इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही, तेही फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. सुरुवातीला विन त्याच्याच नावावर लागला होता. मग बदलून जेरेमी अफेल्टला दिला, कारण चौथ्या इनिंगमध्ये जायंट्सनी जो लीड घेतला आणि मग सोडला नाही त्या वेळी पिचर अफेल्ट होता. त्यानेही सव्वादोनपेक्षा थोडं जास्त, म्हणजे दोन इनिंग आणि एक आऊट टाकले होते, रन न देता. बमगार्नरला पाच इनिंगचा सेव्ह मिळाला. यावर आजही लोक वाद घालतात, मॅच त्यानेच जिंकून दिली म्हणतात, आणि मनाने मीही त्यांच्याच बाजूला आहे, पण लीड कुणाच्या वेळी आला हा विनचा पहिला प्रश्न असतो आणि तिथे उत्तर स्वच्छ होतं.

विनमध्ये स्कोररला स्वतःचं मत वापरायची जागाही आहे, ती माहीत असू द्या. रिलीव्हर थोड्या वेळासाठी आला आणि वाईट खेळला, साधारण एका इनिंगपेक्षा कमी टाकून दोन किंवा जास्त अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीने न मिळालेले, पिचरच्या खात्यावरचे रन) दिले, तर लीड त्याच्या वेळी आला असला तरी विन नंतरच्या पिचरला जातो. म्हणजे लीड घालवून मग नशिबाने विन घेऊन जाणारा पिचर दिसला तर आधी हे तपासा.

ब्लोन सेव्ह (सेव्हची संधी घालवणं) आणि होल्ड (लीड टिकवून पुढच्या पिचरकडे सोपवणं) हे आकडे सगळीकडे दिसतात पण अधिकृत नियमपुस्तकात त्यांची व्याख्याच नाही, त्यामुळे त्यावर नियम दाखवून कुणाला गप्प करता येणार नाही.

इथपर्यंत पहिला प्रश्न संपला, आता दुसऱ्यावर मनसोक्त भांडा, त्यात काही गैर नाही. हा नियम मुळात बदलत आलेला आहे. सेव्ह अधिकृत झाला १९६९मध्ये, शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या कल्पनेवरून, मग १९७४मध्ये अटी कडक केल्या, आणि त्या फारच कडक वाटल्यावर १९७५मध्ये सैल करून आताचं रूप आलं. माझी तक्रार पहिल्या रस्त्याबद्दल आहे. बेस रिकामे, तीन रनचा लीड, तीन आऊट हवेत, यात आलेला पिचर क्वचितच हरतो, आणि सातव्या इनिंगमध्ये एका रनचा लीड असताना बेस भरलेले असताना येऊन तिघांना परत पाठवणारा, ज्याने खरी मॅच वाचवली, त्याला पुढे दुसऱ्याने मॅच संपवली म्हणून सेव्ह मिळत नाही. मॅनेजरसुद्धा या आकड्याकडे बघून आपला सगळ्यात चांगला रिलीव्हर नवव्या इनिंगसाठी राखून ठेवतात, आणि सातव्यात मॅच हातातून जाताना तो बुलपेनमध्ये (रिलीव्हर थांबतात त्या जागी) बसलेला असतो. त्या तीनचे दोन करा, एवढंच माझं म्हणणं आहे.